खलिफा, झार, शोगुन : सत्ता कुणाची, शिक्का कुणाचा?

इअरफोन लावलेत ना? मग सुरू करू.

परीक्षेचा अभ्यास करणारे बरेच जण मला विचारतात, खलिफा, सुलतान, झार, शोगुन हे सगळे शेवटी राजेच ना? मग एवढी नावं कशाला पाठ करायची?

मी म्हणतो, नुसती पाठ करूच नका. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारा. हे पद दिलं कुणी? आणि खरी सत्ता कुणाच्या हातात होती?

आधी खलिफा. अरबीत याचा अर्थ मागून येणारा, वारस. ६३२ मध्ये पैगंबर मुहम्मदांचं निधन झालं आणि अबू बक्र पहिले खलिफा झाले. 'सुलतान' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'सत्ता'. बघा, वारसा एका शब्दात, सत्ता दुसऱ्या. १०५५ मध्ये सेल्जुक तुर्कांचा तुघ्रिल बेग फौज घेऊन बगदादमध्ये शिरला. शहर त्याच्या मुठीत होतं. मग त्याने खलिफाला हटवलं का? नाही! उलट १०५८ मध्ये त्याच खलिफाच्या दरबारात जाऊन मानाची वस्त्रं घेतली.

१२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटून खलिफाला मारलं. पुढे मामलुक सुलतानांनी कैरोमध्ये त्याच अब्बासी घराण्यातला खलिफा बसवला, अगदी नावापुरता. तरीही चौदाव्या शतकात दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाने त्याच्याकडून मान्यता मागवली, नाण्यांवर त्याचं नाव घातलं. फौज होती, खजिना होता, पण शिक्का हवा होता.

आता झार. हा शब्द रोमच्या 'सीझर'वरून आला. आपण ज्यांना बायझंटाईन म्हणतो, ते स्वतःला रोमनच म्हणवत. 'बायझंटाईन' हे नाव १४५३ मध्ये ते साम्राज्य बुडाल्यावर युरोपातल्या विद्वानांनी रूढ केलं. रशियन लोक त्या सम्राटाला झार म्हणत, आणि मंगोल खानालाही! कारण रशियन राजपुत्रांना गादीसाठी खानाची सनद लागायची. तिला 'यार्लिक' म्हणत. म्हणून १५४७ मध्ये चौथ्या इव्हानने 'झार' म्हणून राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा त्याचा अर्थ होता, आता आमच्या वर कुणी नाही.

जपानचा 'शोगुन' म्हणजे सेनापती. ११९२ मध्ये मिनामोतो नो योरितोमोला हे पद दिलं क्योतोच्या दरबाराने, पण हुकूम चालला कामाकुरातून. मधले खंड सोडले तर ही व्यवस्था १८६७ पर्यंत टिकली. चीनमध्ये वेगळंच. तिथे 'तियानमिंग', म्हणजे आकाशाचा आदेश. राजा नालायक निघाला तर हा आदेश काढून घेतला जातो, असं मानत. त्यामुळे बंड जिंकलं, की त्यालाही शिक्का मिळायचा.

आपल्याला हे परकं वाटायला नको. शाहू महाराजांनंतर कारभार पुण्यात होता, पण पेशवाईची वस्त्रं यायची साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच.

या सगळ्यांना 'राजा' म्हणून मोकळं झालो, तर ही रस्सीखेचच दिसत नाही. म्हणून पुस्तकात नवी पदवी दिसली, की ते दोन प्रश्न विचारा. तारखा मग आपोआप लक्षात राहतील.

तुम्हाला अडलेला एखादा शब्द असेल तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!