जुन्या मोटारीची चाल आणि लगाम

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० मोटारीच्या किल्ल्या तिच्या मालकाच्या हाती देण्यात आल्या. जानेवारी २०१४ मध्ये या मोटारीचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. ज्या कुटुंबात त्यापूर्वी स्कूटरच्या पलीकडे कोणी पाहिले नव्हते, त्या कुटुंबात मोटार आली ती बहुधा हीच. शहरातील पहिल्या मालकाने पुढे मोठी गाडी घेतली आणि ही छोटी गाडी तालुक्याच्या गावी, तेथून आणखी आतल्या गावी गेली. आज ती एखाद्या माध्यमिक शिक्षकाच्या अंगणात उभी असते. प्रसंगी आजारी शेजाऱ्याला ग्रामीण रुग्णालयात नेण्याचे कामही तिच्याकडे असते. यांतील सर्वांत अलीकडच्या गाडीनेही दहा वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडलेला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

अशा गाडीचे इंजिन बिघडले तर मालकाला ते त्याच दिवशी कळते, कारण गाडी जागची हलत नाही. आधार देणारे आणि आवरणारे भाग, म्हणजे सस्पेन्शन आणि ब्रेक, यांची गोष्ट निराळी आहे. ते झिजत असताना गाडी चालतच राहते. झीज रोज इतकी थोडी असते की, चालवणाऱ्याचा हात आणि पाय तिच्याशी नकळत जमवून घेतात. पेडल पूर्वीपेक्षा दोन बोटे खाली जाते, गाडी किंचित डावीकडे ओढते, खड्ड्यात चाक गेले की ‘खट्’ असा आवाज येतो. मालक म्हणतो, ‘हिची सवयच आहे तशी.’ गाडीला सवयी नसतात. सवय जडते ती माणसाला. दुसऱ्या कोणी एक दिवस तीच गाडी चालवली, तर तो घाबरून खाली उतरतो.

सस्पेन्शनला पारिभाषिक कोशात ‘निलंबन’ असा प्रतिशब्द आहे. शासकीय कर्मचाऱ्यांना हा शब्द वेगळ्याच अर्थाने परिचित असल्यामुळे येथे गॅरेजमधील बोलीच वापरणे बरे. मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ पद्धतीची रचना आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. जागा कमी लागते, खर्च कमी येतो. म्हणूनच जगभरच्या छोट्या मोटारींनी ती स्वीकारली. खांबाच्या खाली लोअर आर्म, त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट, दुसऱ्या टोकाला रबरी बुश, आणि पुढून आडवी जाणारी स्टॅबिलायझरची सळई. अनेक मोटारींत ही सळई वळणावर गाडी कलू नये एवढ्यापुरतीच असते. या छोट्या गाडीत ती लोअर आर्मला पुढून धरून ठेवण्याचेही काम करते. त्यामुळे तिच्या टोकाचे रबर खलास झाले की ब्रेक मारताच चाक किंचित मागे सरकते आणि स्टिअरिंग हातात वळवळते. दोष रबराचा असतो आणि संशय घेतला जातो ब्रेकवर.

या दोन गोष्टी वेगळ्या मानणे हीच मुळात चूक आहे. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाने. शॉक अॅब्सॉर्बर निकामी झालेला असेल, तर खडबडीत रस्त्यावर चाक चेंडूसारखे उडत राहते आणि जितका वेळ ते हवेत असते तितका वेळ उत्तम ब्रेकचाही काही उपयोग होत नाही. म्हणून नवे ब्रेक पॅड बसवून जुने शॉक अॅब्सॉर्बर तसेच ठेवणाऱ्याने अर्धेच काम केलेले असते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोर गुरू आले, माणूस आले, हे दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, सर्व भाग ठीक असतील तर, गाडी आणखी सुमारे २० मीटरांत थांबते. ब्रेकची पकड निम्मी झाली असेल तर या २० मीटरांचे ४० होतात. शाळेच्या फाटकासमोर हे वाढीव २० मीटर म्हणजे काय, हे शिक्षकवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही.

भाग झिजला आहे की नाही हे ओळखण्यास मोठी यंत्रसामग्री लागते असेही नाही. गाडीचा एकेक कोपरा हाताने जोरात दाबून सोडावा. वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉक अॅब्सॉर्बर संपला. त्याच्या अंगावर तेलाचा ओलसर थर दिसला तर दाबून पाहण्याचीही गरज नाही. जॅकवर उचललेल्या चाकाला वरखाली धरून हलवले असता खेळ जाणवला, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये आहे. डावीउजवीकडे हलवल्यावर जाणवला, तर टाय रॉडचे टोक पाहावे. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज दिसली, तर ती शॉक अॅब्सॉर्बरची तक्रार समजावी. गाडी केवळ जॅकच्या भरवशावर उभी ठेवून कोणीही तिच्याखाली शिरू नये. भक्कम घोडी लावावी आणि उरलेल्या चाकांना दगडाची उटी द्यावी.

बदलण्याच्या कामात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : डावी आणि उजवी बाजू एकाच वेळी. एकच शॉक अॅब्सॉर्बर गळतो आहे म्हणून एकच बदलला, तर एक बाजू कडक आणि दुसरी मऊ राहते. वळणावर गाडी दोन स्वभावांची होते. पॅड आणि लायनर यांनाही हाच नियम लागू आहे. पैसे वाचवण्यासाठी एका बाजूचे काम पुढच्या महिन्यावर टाकायचे असेल, तर दोन्ही बाजूंचे पैसे जमेपर्यंत गाडी अंगणातच उभी ठेवलेली बरी.

पुढचा स्ट्रट उघडणे हे घरच्या घरी करण्याचे काम नव्हे. त्यातील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत अडकवलेली असते. स्प्रिंग आवळून धरणारे साधन न लावता माथ्यावरचा मधला नट सैल केला, तर ती स्प्रिंग बाणासारखी सुटते आणि समोरच्याचा जबडा किंवा हात जायबंदी करते. दोर बांधून, लाकडी ओंडका अडकवून हे काम करणारे धाडसी कारागीर आहेत. त्यांच्या धाडसाचे कौतुक दुरूनच करावे. दुसरी एक बारीक गोष्ट अनुभवी मिस्त्रीही कधीकधी विसरतो. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन त्यांवर आल्यानंतर. चाके लोंबकळत असतानाच ते आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवे बुश थोड्याच काळात फाटते. मग ‘माल खराब निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो.

आता ब्रेक. पेडलवरचा पायाचा दाब नळ्यांतील द्रवामार्फत चारही चाकांपर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचे तत्त्व शाळेत शिकवले जाते. द्रव दाबला जात नाही, म्हणून हे जमते. वाफ आणि हवा दाबल्या जातात, म्हणून बिघडते. ब्रेक ऑइल असे ज्याला म्हणतात ते खरे तर तेल नाहीच. सर्वसाधारण वापरातील हा द्रव ग्लायकॉल वर्गातील असून हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा गुणधर्म आहे. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते.

कराडहून चिपळूणकडे जाणारी अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणावी. पाटण मागे पडते, कोयनानगर येते आणि पुढे कुंभार्ली घाट सुरू होतो. गाडीत पाच माणसे, टपावर सामान. द्रव पाचसात वर्षांत बदललेला नाही. डब्यात कमी दिसला की वरून भर घातली जाते एवढेच. पेट्रोल वाचावे म्हणून चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आहे. इंजिनाचा आवर सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. डिस्क तापते, पॅड तापतात, त्यांची उष्णता कॅलिपरमधील द्रवापर्यंत पोहोचते, द्रवातील पाण्याची वाफ होते, आणि पुढच्या वळणावर पेडल दाबताच ते कशालाही न अडता खाली जाते. अर्ध्या तासापूर्वी सपाटीवर हाच ब्रेक नीट लागत होता. या प्रवासात वाचलेले पेट्रोल फार तर पेलाभर असते. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या एस.टी. चालकांची शिकवण या छोट्या गाडीलाही तंतोतंत लागू पडते.

हा द्रव साधारणपणे दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावा. सीलबंद लहान डबाच घ्यावा. अर्धवट उघडा राहिलेला वापरू नये. इंजिनाचे तेल चुकूनही त्यात पडू देऊ नये, कारण त्याने आतील रबरी वॉशर फुगतात आणि संपूर्ण ब्रेकयंत्रणा निकामी होते.

या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेक मारताच वजन पुढे झुकते, त्यामुळे बहुतेक काम पुढच्या चाकांना पडते आणि पॅड आधी संपतात. पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावणे राहून गेले, तर एकच पॅड घासत राहतो. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळत असला, तर द्रव लायनरमध्ये मुरतो. असे लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे. मुरलेला द्रव निघत नाही. सिलिंडर दुरुस्त करून दोन्ही बाजूंचे लायनर नवे घालणे हाच उपाय होय. ड्रममधील धूळ मात्र तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की पुन्हा बाहेर येत नाहीत. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारी पोरे हीच धूळ दिवसभर श्वासात घेत असतात. त्यांच्या हाती ओले फडके आणि तोंडाला पट्टी देण्यास काय खर्च येतो?

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चाकापाशी असणारी रबरी नळी. बाहेरून तिला चिरा पडतात, त्या दिसतात तरी. कधी ती आतून सुजते. मग दाब चाकापर्यंत जातो पण परत येत नाही आणि चाक धरून राहते. पंधरा वर्षांच्या गाडीत या नळ्या मूळच्याच असतील, तर त्या न तपासता बदलाव्यात. काम झाल्यावर नळ्यांतील हवा काढून पेडल कडक होईपर्यंत दाबून पाहावे आणि मगच गाडी हलवावी. नवे पॅड घातल्यावर पहिल्याच दाबात पेडल रिकामे जाते, हे ठाऊक नसल्याने गॅरेजच्या भिंतीवर आदळलेल्या गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील.

कायद्याची बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. परंतु तपासणी एका दिवसाची, रस्ता रोजचा. याच अधिनियमाचे कलम १९० सांगते की, धोका निर्माण करणारा जो दोष मालकाला ठाऊक होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर जो त्याला कळू शकला असता, असा दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे हा अपराध आहे. ‘मला माहीत नव्हते’ या उत्तराला येथे फारशी जागा ठेवलेली नाही.

सुटे भाग घेताना पावती मागावी. निम्म्या किमतीत मिळणारे पॅड अनेकदा नामवंत कंपनीच्या नकली वेष्टनात असतात आणि पावती द्यायची म्हटली की दुकानदार विचार करू लागतो. काढलेले जुने भाग गॅरेजमधून परत मागून घ्यावेत. ते हातात आले म्हणजे काय बदलले आणि कशामुळे बदलावे लागले, दोन्ही दिसते; आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणारा गावातील एखादा मुलगा असेल, तर शिकण्यासाठी त्याला तेच भाग द्यावेत. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का ते पाहावे आणि पहिले दोनतीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत, म्हणजे नवे पॅड डिस्कशी नीट बसतात. बदललेल्या भागांची तारीख व मीटरवरील आकडा एका वहीत लिहून ती वही गाडीच्या खणात ठेवावी. गाडी पुढे विकली गेली, तर वहीही तिच्याबरोबरच द्यावी.