ज्ञानदानाचे साफल्य



जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानदान घेणाऱ्याला कायमचा याचक ठेवीत नाही. राष्ट्राराष्ट्रांमधील अशा ज्ञानदानाचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ते म्हणजे मुंबईची आय.आय.टी.

स्वातंत्र्यानंतर देशात अभियंत्यांची वानवा होती. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री व तज्ज्ञ दिले. जुलै १९५८ मध्ये १०० विद्यार्थ्यांचे अध्यापन सुरू झाले, ते वरळीला रेशीम गिरण्यांच्या 'सस्मिरा' या संशोधन संस्थेच्या इमारतीत. कापड व्यवसायाने विद्येला आसरा दिला, ही व्यापारी समाजास भूषणावह गोष्ट होय. १० मार्च १९५९ रोजी पवई येथे पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली.

या साहाय्याचे मर्म मात्र केवळ यंत्रांत नव्हते. भारतीय अध्यापकांना सोव्हिएत संघात प्रशिक्षण घेता यावे म्हणून शिष्यवृत्त्याही देण्यात आल्या. पुढे परदेशी तज्ज्ञ परतले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघही लयास गेला. संस्था स्वबळावर उभीच आहे. देणाऱ्यावाचून चालता येणे, हेच दानाचे साफल्य.

सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने हा बोध घ्यावा. वह्यावाटप स्तुत्यच, परंतु वह्या वर्षअखेर संपतात. लोणखेडा परिसरातील एका होतकरू शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा भार उचलला, तर त्याच्या हाताखालून पिढ्या घडतील. इमारतीच्या देणगीला नामफलक लाभतो, अशा दानाला लाभत नाही. म्हणूनच त्यात अपरिग्रहासमवेत निरहंकारही साधतो.

जय जिनेंद्र!