आवाज कोठून यावा?



मागच्या रांगेत ऐकू येते आहे ना? हा प्रश्न मी रिवाज म्हणून विचारत नाही. त्यामागे माझी एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे घरातल्या सिनेमाच्या कर्ण्यांवर एका कामगार संघटनेच्या माणसाने का बोलावे, हे आपल्या ध्यानात येईल.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या फाटकासमोर आमची सभा होती. मजुरीचा करार वाचून दाखवायचा आणि हात वर करून संमती घ्यायची, एवढेच काम. गर्दी मोठी, म्हणून मी एक कर्णा मंचावर बांधला आणि दुसरा मागे, सत्तर मीटरांवर, गोदामाच्या भिंतीला. मनात म्हटले, आता कोणाची तक्रार नको. करार वाचला, हात वर झाले, टाळ्या पडल्या. आठ दिवसांनी रोजीच्या खिडकीशी दोन रेजा बाया मला विचारू लागल्या, "भाऊ, आमच्या वाट्याचं काय ठरलं होतं?" मी म्हटले, "तुम्ही तर हात वर केला होता!" त्या म्हणाल्या, "समोरच्याईनं केला, म्हणून आम्ही केला. आम्हाले तर एक बोल दोनदा ऐकू येत होता."

दोष माझा होता. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५५ मीटर चालतो. तार मात्र विजेच्या वेगाने बोलते. मागच्या भिंतीचा कर्णा त्या बायांच्या कानात एक शब्द टाकी, आणि तोच शब्द मंचावरून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा पोहोचे. तोवर भिंतीवरचा कर्णा पुढच्या शब्दावर गेलेला! न ऐकलेल्या कराराला दिलेली संमती ही संमती नव्हे. आम्ही सभा पुन्हा घेतली, एकाच बाजूने कर्णे लावून. परंतु त्या दिवसापासून मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून ही विद्या शिकू लागलो.

या विद्येतला एक मोठा नियम १९४९ साली हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने प्रयोगाने दाखविला. तोच आवाज दोन ठिकाणांहून सुमारे तीस सहस्रांश सेकंदांच्या आत आला, तर कान त्याला एकच आवाज मानतो, आणि जो आधी आला त्याच्याच दिशेने तो आला असे समजतो. अंतर फार वाढले, की तोच प्रतिध्वनी होतो. सभेत माझा घात या दुसऱ्या भागाने केला. घरात लोकांचा घोटाळा होतो तो पहिल्या भागाने.

आता घराकडे येऊ. १९३१ साली 'आलम आरा' बोलला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, तेव्हा सारा आवाज समोरूनच येई. १९४० साली 'फँटेशिया' या चित्रपटासाठी प्रेक्षकांच्या सभोवार आवाज खेळविण्याचा प्रयोग झाला. आज तीच सोय पाच लहान पेट्या आणि एक घुमाऱ्याची मोठी पेटी, अशा रूपाने दिवाणखान्यात आली आहे.

आमचे एक जुने सभासद आहेत. उभा जन्म रेच्यांच्या खडखडाटात गेला. मुलाने हौसेने असा संच आणला. पण म्हातारा ओसरीवर बसे. मला म्हणाला, "भाऊ, गाणं ऐकू येते, बोलणं समजून नाही राह्यलं." गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच स्वर जातात. क, ट, स ही व्यंजने त्यातच असतात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द हाती लागत नाही. आणि नुसता आवाज वाढविल्याने तो लागतही नाही.

आत जाऊन पाहिले, तर पाचही पेट्या शोभेसाठी काचेच्या कपाटात एका ओळीत! मुलगा म्हणाला, "काका, कंपनीचा माल आहे, तरी असं का?" मी म्हटले, "माल चांगला आहे; त्याला जागा दिलेली नाही."

मग आम्ही कामाला लागलो. मधली पेटी पडद्याच्या अगदी खाली आणली आणि तिचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे केले, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद तिच्यातूनच येतात. डावी व उजवी पेटी अशा ठेवल्या, की त्या दोन आणि बसणाऱ्याचे डोके मिळून समभुज त्रिकोण व्हावा. म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीस-तीस अंश. उरलेल्या दोन कानांच्या किंचित मागे, शंभर ते एकशेवीस अंशांवर, डोक्याहून जराशा उंच. घुमाऱ्याच्या स्वराची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून ती पेटी कोठेही चालते असे म्हणतात. पण कोपऱ्यात ठेवली की ती सारे घर दणाणून सोडते. तिची जागा शोधण्याची युक्ती अशी: ती बसण्याच्या जागी ठेवावी, आपण खोलीभर रांगत फिरावे, आणि जेथे घुमारा स्वच्छ वाटेल तेथे तिला बसवावे. म्हाताऱ्याने हे पाहिले आणि तो कितीतरी दिवसांनी खळखळून हसला.

तारांचा लाल-काळा क्रमही तपासला. एका पेटीच्या तारा उलट जोडल्या, की एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघांचा घुमारा एकमेकांना मारतो. प्रत्येक पेटीचे अंतर टेपने मोजून यंत्रात भरले. जवळच्या पेटीला यंत्र तेवढे थांबविते, एका मीटरला सुमारे तीन सहस्रांश सेकंद. नाहीतर हासच्या नियमाने सारा आवाज जवळच्या पेटीकडे ओढला जातो. शेवटी खोलीत टाळी वाजविली. सिमेंटच्या उघड्या भिंतींनी ती झणझणत परत दिली. समोरच्या भिंतीवर जाड पडदा आणि खाली सतरंजी येताच ती शांत झाली.

मधल्या पेटीचा आवाज थोडा चढविला, बाकीच्यांचा उतरविला. म्हातारा आत येऊन बसला. गेलेला कान काही परत आला नाही; तो येत नाही. पण अर्ध्याअधिक संवाद त्याला कळले, आणि मुलगा मुकाट्याने त्याच्या शेजारी बसला.

म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. दहानंतर आपल्या घुमाऱ्याने शेजारचे तान्हे मूल उठू नये. आणि ज्यांची रोजी यंत्रांच्या गोंगाटात आहे त्यांनी कानांत बोळे घालावेत, ते मालकाकडे मागावेत आणि दरसाल कान तपासून घ्यावेत. पेट्यांची जागा चुकली तर बदलता येते. कानाचे तसे नाही.

मागच्या रांगेतल्या ज्यांना काही ऐकू आले नसेल, त्यांनी पुढे येऊन विचारावे. मी आणखी अर्धा तास येथेच आहे.