मानेतली गाठ आणि फोटोतली गाठ

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला इतिहासावर बोलावे असा आपला रिवाज आहे. काळारामाचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा हे विषय माझ्याहून जाणकार वक्त्यांनी घेतलेच आहेत. मी आज तोंडाच्या कॅन्सरवर बोलणार आहे, आणि त्यातही मानेतल्या गाठींवर. वस्तीतल्या लोकांबरोबर दवाखान्यात जाता-येता एक गोष्ट मी वारंवार पाहिली. तोंडातल्या जखमेचे ऑपरेशन करायला आपली माणसे तयार होतात. पण डॉक्टर मानेचेही करावे लागेल म्हणाले, की रिपोर्ट पुढे धरतात. ‘सोनोग्राफी क्लिअर आहे साहेब, मग मान कशाला कापता?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नीट ऐकून न घेता माणूस घरी निघून येतो, तिथे घात होतो.

पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आयाबायांना कुणी शिकवले नव्हते. तसेच हे आहे. शरीरात बारीक बारीक ग्रंथी असतात, त्या पाणी गाळणाऱ्या फडक्यासारखे काम करतात. मानेत त्या फार. जिभेवर किंवा गालात कॅन्सर झाला, तर त्याच्या पेशी वाहत येऊन पहिल्यांदा मानेतल्या ग्रंथीत अडकतात. तिथे त्या शिरल्या, तर माणूस बरा होण्याची आशा साधारण निम्म्यावर येते असे डॉक्टर मानतात. म्हणून ‘मान कशी आहे?’ हा पहिला प्रश्न.

नुसत्या हाताने चाचपून सगळे कळत नाही. म्हणून फोटो. सोनोग्राफीत चांगली ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते, मधोमध एक पांढरट पट्टी असते. ती गोल झाली, पट्टी नाहीशी झाली, तर संशय. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून औषध सोडून फोटो काढतात. (त्याआधी किडनीची रक्ततपासणी करतात, ती टाळू नका.) एक सेंटीमीटरच्या पुढे वाढलेली, किंवा मधोमध सडून काळी पडलेली गाठ त्यात दिसते. कडा फाटल्यासारखी असेल, तर कॅन्सर गाठीचे कवच फोडून बाहेर आला की काय, हे बघावे लागते. जीभ, स्नायू यांच्यात तो किती खोल गेला ते एमआरआयमध्ये जास्त चांगले कळते. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे किरणोत्सारी औषध देतात. जिथे पेशी जास्त साखर खातात तो भाग उजळतो. पण टीबीची गाठसुद्धा उजळते! आपल्याकडे गंडमाळ काही दुर्मिळ नाही. तेव्हा फोटोत गाठ दिसली म्हणून घरात रडारड करायची नाही. सोनोग्राफीत बघत बघत गाठीत बारीक सुई घालून पाणी काढतात आणि तपासतात, मग बोलायचे.

आता उलट बाजू, आणि माझा मुद्दा हाच आहे. दोन-तीन मिलीमीटरचा कण कुठल्याच फोटोत खात्रीने दिसत नाही. मशीन महाग असले तरी नाही.

हे नुसते तोंडी बोलणे नाही. परळच्या, म्हणजे आपल्या जुन्या गिरणगावातल्या, टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण घेऊन हाच प्रश्न तपासला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत गाठ नाही, असे हे रुग्ण. अर्ध्यांच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या. उरलेल्यांची मान तशीच ठेवून लक्ष ठेवले, गाठ आली तर ऑपरेशन. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ साली अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. तीन वर्षांनी आधी काढलेल्यांत शंभरी ८० जिवंत, वाट पाहिलेल्यांत साडेसदुसष्ट. म्हणजे आठ माणसांमागे एक जीव. ज्यांची मान ‘स्वच्छ’ समजून काढली, त्यांतल्या दहापैकी जवळपास तिघांच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडला. जगभरच्या डॉक्टरांचा वाद गरीब भारतीय रुग्णांनी मिटवला, याचा मला तरी अभिमान वाटतो.

आमच्या रिंग खात्यातला एक जोडीदार. गिरणीत कापूस असतो, काडी पेटवायला बंदी; म्हणून बिडीवाले सगळे तंबाखू-चुन्यावर आले. दर पाळीला चार-पाच बार भरायचा. जिभेच्या कडेची जखम काढली, मानेला नाही म्हणाला, कारण रिपोर्ट चांगला होता. सात महिन्यांनी जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. मग मोठे ऑपरेशन, वर शेक. आज तो आहे, पण घास गिळताना पाण्याचा तांब्या जवळ लागतो.

मानेच्या ऑपरेशनने त्रास होत नाही असे मी म्हणत नाही. खांदा आखडतो, हात वर जात नाही, महिनोन्‌महिने व्यायाम करावा लागतो. प्रत्येकालाच ते लागते असेही नाही. जखम किती खोल, कुठे, यावर डॉक्टर ठरवतात. पण नकार द्यायचा तर विचारून द्यावा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. छापील रिपोर्टही ऐकीवच, जोवर त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे आपण विचारत नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पुडी कुठे मिळते ते मात्र आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. मशेरी लावणाऱ्या भगिनींनी रागावू नये, तीही तंबाखूच. पाचव्या शिलात ती बसते की नाही यावर भन्तेजींशी वाद घाला, जबडा वाद घालत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन आणि शेक बसतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवा. आधीच्या फिल्म, सीडी, रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. नुसता कागद नेऊ नका, डॉक्टरांना फोटो स्वतः बघायचा असतो. तोंडात जखम किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा मानेला न दुखणारी गाठ लागली, तर त्याने पिशवी घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. मी इथेच असतो. सोमवारी बरोबर जाऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!