विहिरीपासून सागरापर्यंत

(ज्ञातिसंस्थेच्या राणीसावरगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. ज्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहपद्धती, उद्योगधंदा अशा भारदस्त विषयांवर जाणत्यांनी मार्गदर्शन केले, तेथे उभे राहून धावण्यापोहण्याच्या गोष्टी सांगणे प्रशस्त वाटेना. परंतु निमंत्रण स्वीकारण्यास एक विशेष कारण आहे. आमच्या नावे संस्थेच्या दप्तरी एक चूक नोंदली गेली आहे. तिची दुरुस्ती आमच्याच तोंडून व्हावी, हे उचित होय.

२०१९ सालच्या स्मरणिकेच्या अभिनंदनाच्या पानावर आमचे छायाचित्र आले होते. राणीसावरगावच्या या सुपुत्राने गोव्याची ‘आयर्नमॅन’ शर्यत यशस्वीपणे पूर्ण केली, असा मजकूर त्याखाली होता. शर्यत २० ऑक्टोबरला होती आणि दिवाळी तोंडावर आली होती. छापखान्यास उशीर नको, म्हणून तो मजकूर आधीच जुळवून ठेवला गेला. त्यामागे प्रेमच होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु वस्तुस्थिती अशी, की आम्ही ती शर्यत पूर्ण केलीच नव्हती. जीवरक्षकांनी आम्हांस पाण्यातून बाहेर काढले होते. दिवाळीत गावी आलो, तेव्हा पेढे वाटले जात होते. ‘अहो, हे खरे नव्हे’ असे सांगण्याचे धैर्य आम्हांस त्या दिवशी झाले नाही. आज ते करीत आहो.

ही शर्यत म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि हे तिन्ही विसाव्याशिवाय एकापाठोपाठ: याला ट्रायथलॉन म्हणतात. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९७४ साली हा प्रकार सुरू झाला. १९७८ साली हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नामक नौदल अधिकाऱ्याच्या पुढाकाराने त्याचे महादीर्घ रूप प्रथम योजिले गेले. त्या पहिल्या शर्यतीत पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनला स्थान मिळाले. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली प्रथम झालेली शर्यत त्या महादीर्घ प्रकाराच्या निम्म्या अंतराची होय: समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. पोहणे सत्तर मिनिटांत संपले नाही, तर स्पर्धक तेथेच बाद होतो. आम्ही तेथेच बाद झालो.

येथे कोणी विचारील, की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, समुद्रापासून शेकडो मैल दूर वाढलेल्या माणसाने हा खटाटोप मुळात करावाच का? या प्रश्नाचे उत्तर समुद्रावर नाही. आमच्या मळ्यातील विहिरीवर आहे.

१९८७ सालच्या उन्हाळ्यात आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, विहिरीच्या पायरीवरून घसरून पाण्यात पडली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. काठावर उभे राहून ओरडण्यापलीकडे आमच्या हातून काहीही झाले नाही. आमच्या सालगड्याने हातातील काम टाकून उडी घेतली आणि तिला वर आणले. देवीच्या कृपेने अक्का वाचली आणि आज ती या सभेत बसली आहे. परंतु त्या दिवसापासून वडिलांनी आम्हां भावंडांस विहिरीकडे जाण्याची बंदी केली. बरोबरीची मुले पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकली. आम्ही मात्र पाण्याला भिऊनच मोठे झालो. वडिलांचा निर्णय मायेचा होता. पण भीतीवरचा उपाय म्हणून त्यांनी जे केले, त्याने भीती तेवढी वाढली, शिकणे राहून गेले.

पुढे नोकरीच्या निमित्ताने आम्ही अलिबागेस आलो. चाळिशी उलटल्यावर वैद्यांनी रक्तदाबाचे कारण सांगून चालण्याची आज्ञा केली. चालण्याचे धावणे झाले, गुडघ्यांना विश्रांती हवी म्हणून सायकल आली. मग सोबत्यांच्या आग्रहाने तलावात पोहण्याचे धडे घेतले आणि लवकरच आपण तयार झालो, असा आमचा समज झाला. तलावाला तळ दिसतो, भिंत असते, पाणी स्थिर असते. समुद्रात यांपैकी काहीच नसते, हे २०१९ साली मिरामारला शंभरेक हात मारल्यावर कळले. खारे पाणी नाकातोंडात गेले आणि श्वासाचा ताल मोडला. मान वर करून पाहावे, तो निशाणीचा बोया भलत्याच बाजूला! विहिरीच्या काठावरचा तो बारा वर्षांचा मुलगा पुन्हा अंगात आला. आम्ही हात वर केला. या वेळी ओरडणारेही आम्हीच आणि वाचविले गेलेलेही आम्हीच.

त्यानंतर २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि किनारे ओस पडले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग परिसर झोडपून काढला. सुरूची आणि सुपारीची झाडे मुळासकट आडवी झाली. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे गोव्यात शर्यत झाली नाही. खरे सांगायचे, तर आम्हांस त्याचे बरेच वाटले. कारण न जाण्यास सबब मिळाली. परंतु स्मरणिकेतील ते पान घरात होते. आमच्या कन्येने एकदा ते वाचून विचारले, “बाबा, तुम्ही खरंच पूर्ण केली होती?” त्या दिवशी सबब संपली.

२०२१ च्या दिवाळीपासून आम्ही नव्याने आरंभ केला. त्या वर्षभरातील किनाऱ्यावरचे धावणे हा आमच्या आयुष्यातील मोठाच आनंद होय. कोरड्या वाळूत पाय रुतला, की पावलाचा जोर वाळू खाऊन टाकते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखविले, की कठीण जमिनीपेक्षा वाळूवर धावण्यास सुमारे १.६ पट शक्ती खर्च होते. पाण्यालगतची ओली पुळण मात्र घट्ट असते. ती उघडी पडते ओहोटीला. म्हणून धावण्याची वेळ घड्याळाने नव्हे, तर चंद्राने ठरते.

येथे आमच्या कामी आले पंचांग! राणीसावरगावी पंचांग उघडत ते एकादशी नाहीतर मुहूर्त पाहण्यासाठी. अलिबागेस एका वयस्क कोळी बांधवाने, ज्यांना सारे नाखवा म्हणत, त्याचा निराळाच उपयोग शिकविला. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानाने हाती येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती आणि ओहोटी ऐन दुपारी. तो दिवस धावण्याच्या कामाचा नाही. त्या दिवशी सायकल. पौर्णिमा-अमावास्येस भरती मध्यान्हीच्या सुमारास, म्हणजे पहाटे ओहोटी. त्या दिवसांत वरसोलीच्या बाजूने अलिबागेपर्यंतची सारी पुळण आपली. कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्याभोवतीचे पाणी तेव्हा उतरलेले असते आणि माणसे पायी किल्ल्याकडे निघालेली दिसतात. पुळण समुद्राकडे उतरती असल्याने एक पाय सदैव खाली पडतो; पोटरी दुखू लागते. यास उपाय एकच: जितके जावे, तितके त्याच वाटेने परत यावे, म्हणजे उताराचा भार दुसऱ्या पायावर येतो. हा नियम आम्ही दुखणे सोसल्यावर शिकलो.

समुद्रातील पोहण्याचा धडाही नाखव्यांनीच दिला. आमची पाण्याशी चाललेली झटापट पाहून ते म्हणाले, “साहेब, दर्याशी भांडू नका. तो दमत नाय, तुम्ही दमता.” त्यांनी प्रथम आम्हांस पोहू दिलेच नाही. कमरेला दोर बांधून, उताणे होऊन नुसते तरंगावयास लावले. खारे पाणी गोड्यापेक्षा जड असल्याने ते माणसाला अधिक उचलून धरते. अंगातील ताठरपणा गेला, की समुद्रच आधार देतो. आठवडाभर हेच चालले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी आम्ही विहिरीतल्या पोराचे शिक्षण घेत होतो; भोपळ्याच्या जागी दोर, इतकाच फरक. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून तलावावर गेलो; पाऊस सरल्यावर पुन्हा समुद्र.

१३ नोव्हेंबर २०२२ रोजी मिरामारला पुन्हा उभे राहिलो, तेव्हा मातोश्रींनी पाठविलेला रेणुकादेवीचा अंगारा आमच्या पिशवीत होता आणि सौभाग्यवती व कन्या काठावर होत्या. कार्तिक वद्य पंचमीचा दिवस. नाखव्यांच्या हिशेबाने ओहोटी चालू. या वेळीही मध्ये एकदा दम कोंडला. आम्ही उताणे झालो, दहा श्वास घेतले, बोया नीट पाहिला आणि पुढे निघालो. एकसष्टाव्या मिनिटाला पाय वाळूस लागले. खरे म्हणजे आमची शर्यत तेथेच संपली होती. सायकलीचे व धावण्याचे वर्णन करून आपला वेळ घेत नाही. दोना पावलाच्या बाजूस दुपारच्या उन्हात पाय बराच वेळ ओढीत नेले, हे मात्र नमूद करतो. एकंदर ७ तास ५२ मिनिटे लागली. आमच्या पुढे शेकडो जण होते. अध्यक्षमहाराज, २०१९ च्या स्मरणिकेतील मजकूर तीन वर्षांनी खरा झाला. तरी चुकीची दुरुस्ती छापली जावी, ही आमची विनंती कायम आहे.

यात आमची थोरवी काहीच नाही. नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकलशर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पार केली. आपल्या परभणीच्या ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. त्या थोर खेळाडूंच्या पंक्तीत आम्ही बसू इच्छीत नाही. हौशी माणसाचे काम निराळे. त्याने नोकरी, संसार सांभाळून रोज थोडे करावे आणि आपल्या उणिवेला एकदा तरी तोंड द्यावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गावातील किती मुलांना आज पोहता येते? आमच्या पिढीत निदान बरोबरीच्या मुलांना येत होते, कारण भरलेल्या विहिरी होत्या. पुढे पाण्याची पातळी खाली गेली, विहिरी आटल्या, त्यांच्या जागी बोअर आले. बोअरने पाणी दिले, हे त्याचे उपकार. परंतु बोअरमध्ये कोणी पोहायला शिकत नाही. एक पिढी पोहणे न शिकता मोठी झाली. तीच मुले सुटीत गोदावरीच्या डोहात, धरणाच्या पाण्यात आणि सहलीस कोकणात समुद्रात उतरतात. पुढे काय होते, हे वर्तमानपत्रांत आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बंदी घालून हे थांबत नाही, याची साक्ष आमचेच घर देईल.

आणि मुलींचे काय? ज्या दिवसांत मुले विहिरीत सूर मारीत, त्या दिवसांत मुली त्याच विहिरीवर पाणी शेंदीत आणि धुणी धूत. पाण्याशी त्यांचा संबंध मुलांहून अधिक, परंतु पोहणे मात्र त्यांनी शिकायचे नाही! आमच्या मातोश्रींनी उभा जन्म पोहऱ्याने पाणी शेंदले आणि त्या पाण्यात एकदाही उतरल्या नाहीत. अक्काला पोहता येत असते, तर त्या दिवशी ती स्वतःच काठाला लागली असती.

म्हणून आमची सूचना अशी. दर वर्षी सत्कारांवर शाली, श्रीफळे व मानचिन्हे यांपायी जो खर्च होतो, त्यातील निम्मा भाग बाजूस काढावा. आठ वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीस उन्हाळी सुटीत जवळच्या शहरातील तलावावर जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहणे शिकवावे. मुलींसाठी स्वतंत्र वेळ व शिक्षिका असावी. जेथे तलाव नाही, तेथे पाणी असलेली, पायऱ्यांची विहीर पाहावी. पण कमरेला दोर आणि काठावर पोहणारे दोन प्रौढ असल्याविना एकही मूल उतरवू नये. शर्यतीच्या प्रवेशशुल्कापोटी आम्ही वर्षाला जितकी रक्कम खर्चितो, तितकी या कामासाठी आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहो. पुढील वर्षी आम्ही कोणत्याही शर्यतीस जाणार नाही. उन्हाळ्यात मुलांबरोबर पाण्यात उभे राहू.

ज्या सालगड्याने अक्काला वर काढले, ते आज हयात नाहीत. त्यांचा सत्कार कोणी केला नाही. कोणत्याही स्मरणिकेत त्यांचे छायाचित्र आले नाही. आमच्या घरानेही त्या वर्षी त्यांना एक धोतरजोडी देऊन हिशेब पुरा केला. ती उणीव आता भरून येणार नाही. त्यांना येत होती ती विद्या आपल्या मुलांच्या अंगी आली, तर त्यांच्या ऋणाचा अल्पसा अंश फिटेल.