खळ्यावरची वर्गणी

वर्गणीचें पावतीपुस्तक घेऊन दारांत उभा राहिलेला गृहस्थ आपणां शहरवासीयांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. कधीं तो गणपतीचा असतो, कधीं वाचनालयाचा, आणि कधीं रुग्णालयाचा. पहिल्या दोघांशीं आपण थोडी घासाघीस करतों. तिसऱ्याशीं ती करवत नाहीं, कारण आजारपणाचें नांव निघालें कीं मन हळवें होतें. खिशांत हात जातो, पावती फाटते आणि दार लागतें. त्या पैशाचें पुढें काय झालें हें विचारण्याची रीत आपल्यांत नाहीं. तें विचारलें तर आपल्याच औदार्याला उणेपणा येईल, अशी कांहींतरी समजूत आहे. आज मी तोच प्रश्न विचारणार आहें, आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं तुम्हांला वर्धा जिल्ह्यांत नेणार आहें.

वर्धाच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, आजाऱ्यांसाठीं लोकांकडून पैसा मागण्याचे आणि तो खर्च करण्याचे जितके प्रकार या एका जिल्ह्यानें पाहिले तितके फार थोड्या जिल्ह्यांनीं पाहिले असतील. तेथें कोट्यवधींची थैली आली आणि पायलीभर ज्वारीही आली. दोहोंचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहतां येतो.

प्रथम थैलीची हकीकत सांगतों. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं पुण्याच्या आगाखान महालांत, स्थानबद्धतेंत असतांनाच कस्तुरबांचें निधन झालें. त्यांच्या स्मारकासाठीं देशापुढें जी झोळी फिरली तिचें उद्दिष्ट ७५ लाख रुपयांचें होतें. गांधीजींना त्या वर्षीं ७५ वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं, त्याला धरून तो आंकडा ठरला होता. काळ महायुद्धाचा. अनेक पुढारी तुरुंगांत, बाजारांत महागाई, आणि बंगालच्या दुष्काळाला वर्षही लोटलेलें नाहीं. तरीही २ ऑक्टोबर १९४४ रोजीं सेवाग्राम येथें गांधीजींना थैली अर्पण झाली, आणि अखेरीस निधीची रक्कम एक कोटीच्या वर गेली. चिटणीसपदाचें काम ठक्करबाप्पांकडे होतें. मला या निधीचें जें विशेष वाटतें तें रकमेचें नव्हे. हा पैसा खेड्यांतील स्त्रिया व मुलें यांच्याकरितांच खर्च व्हावा, असें बंधन घालण्यांत आलें. ज्या नगरवासीयांनीं वर्गणी दिली त्यांच्या स्वतःच्या शहरांत त्या पैशाची एकही वीट दिसणार नव्हती. कस्तुरबांचा पुतळा नाहीं, त्यांच्या नांवाचें सभागृह नाहीं. कोठल्याशा खेड्यांतील बाळंतिणीजवळ बसलेली एक शिकलेली बाई, हें त्यांचें स्मारक. असें स्मारक मागणारे आणि तें मागितलें असतां देणारे, दोघांचेंही मला कौतुक वाटतें.

याच सुमारास सेवाग्रामांतही एक लहानसें काम वाढीस लागलें होतें. आश्रमांत डॉ. सुशीला नय्यर रोगी तपासूं लागल्या, आणि रोग्यांची गर्दी इतकी झाली कीं आश्रमाच्या शांततेला ती सोसवेना. तेव्हां बिर्लांच्या अतिथिगृहांत दवाखाना गेला आणि त्याचें कस्तुरबा रुग्णालय झालें. खाटा होत्या पंधरा, त्याही स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं. पुढें १९६४ सालीं कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, आणि १९६९ मध्यें, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्याच ठिकाणीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हें वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. खर्चाची वाटणी अशी ठरली कीं, निम्मा केंद्र सरकारनें द्यावा, चौथा हिस्सा राज्य सरकारनें, आणि उरलेला चौथा हिस्सा सोसायटीनें उभा करावा. हा शेवटचा चौथा हिस्सा ऐकावयास लहान वाटतो. ज्यानें कधीं वर्षानुवर्षें वर्गणी गोळा केली आहे, त्याला विचारा.

येथें थोडें विषयांतर करून घरची एक गोष्ट सांगतों. तरुणपणीं मी एका शहरांतील रुग्णालयाच्या निधि-समितीवर होतों. रुग्णालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एका सज्जन व्यापाऱ्यानें आपल्या आईच्या नांवें एक दालन बांधून दिलें. संगमरवरी पाटी बसली, समारंभ झाला, छायाचित्रें निघालीं. दोन वर्षांनीं मी सहज त्या बाजूला गेलों तों दालनाला कुलूप! आंत खाटा होत्या, गाद्या होत्या. दोन परिचारिकांच्या पगाराची मात्र सोय नव्हती, आणि त्या पगारासाठीं पैसे देणारा कोणी सांपडेना. पगारावर नांव कोरतां येत नाहीं. त्या व्यापाऱ्याला मी दोष देत नाहीं. त्याच्याकडे जाऊन आम्हींच भिंत मागितली होती. परिचारिका मागावी हें आम्हांला सुचलेंच नाहीं.

आतां ज्वारीकडे येऊं. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सेवाग्रामच्या रुग्णालयानें, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानें, आसपासच्या खेड्यांत एक योजना चालविली. गांवकऱ्यानें पीक हातीं आलें कीं कांहीं पायल्या ज्वारी जमा करावी, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याच्या कुटुंबाला वर्षभर औषधोपचाराची हमी मिळावी. ज्याची जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक. भूमिहीन मजुराची सर्वांत कमी. विम्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. आपण घरबसल्या हप्ता भरतों. पण हप्ता ज्वारीचा आणि तोही खळ्यावर, यांत जें शहाणपण आहे तें शहरांत बसून सुचण्यासारखें नव्हतें.

शेतकऱ्याच्या वर्षाकडे पाहा. मार्गशीर्ष-पौषांत कणगी भरते. श्रावण-भाद्रपदांत तीच कणगी तळाला जाते, हातांत पैसा नसतो, आणि हिंवताप, हगवण, विंचू-साप यांचा सुळसुळाट त्याच दिवसांत होतो. म्हणजे रोग येतो तेव्हां द्यावयास कांहीं नसतें. रुग्णालयाच्या खिडकीवर त्या दिवशीं जें शुल्क मागावें तें मग सावकाराकडूनच येणार. तेंच शुल्क सहा महिने आधीं, धान्याची रास डोळ्यांसमोर असतांना, मापानें घेतलें तर देणाऱ्याला त्याची झळ लागत नाहीं. पैसा घेण्याची वेळ बदलली एवढेंच; पण गरिबाच्या दृष्टीनें त्या एवढ्याशा बदलानें सारें बदलतें.

दुसरी अट याहून कडक होती. गांवांतील गरीब कुटुंबांपैकीं निदान शेंकडा ७५ सामील झालीं तरच गांव योजनेंत घेतलें जाई. ज्यांच्या घरीं आजार आहे तेवढ्यांनींच ज्वारी द्यावयाची आणि धडधाकटांनीं बाजूस राहावयाचें, असें झालें तर कोणताही विमा बुडतो, हें विम्याच्या कचेरींतील साधा कारकून सांगेल. पण अटीचा हेतु तेवढाच नसावा. तीनचतुर्थांश गरिबांना एकत्र बसून होकार द्यावा लागला म्हणजे तें काम गांवाचें होतें. पाटलाच्या किंवा सरपंचाच्या मर्जीवर तें राहत नाहीं.

तिसरी गोष्ट तर ऐकणाराला प्रथम विचित्रच वाटते. अकस्मात् येणाऱ्या दुखण्याचा उपचार योजनेंतील माणसाला विनामूल्य मिळे. परंतु साधें बाळंतपण, मोतीबिंदु, अंतर्गळ यांसारख्या आधींपासून ठाऊक असलेल्या गोष्टींसाठीं खर्चाचा चौथा भाग स्वतः द्यावा लागे. बाळंतिणीकडून पैसे घ्यावयाचे आणि तापकऱ्याकडून नाहीं? पण विचार करा. ताप सांगून येत नाहीं. बाळ नऊ महिने अगोदर वर्दी देतें. तेवढ्या अवधींत घर थोडें थोडें बाजूस टाकूं शकतें. दयाबुद्धीनें केलेल्या योजनेंत असा भेद कोणी केला नसता. येथें दयेपेक्षां हिशेबाला अधिक मान दिला गेला, आणि हिशेब समजावून सांगितला तर गांवकऱ्याला तो समजतो, असें गृहीत धरलें गेलें. त्या गृहीतांत गांवकऱ्याचा जो सन्मान आहे तो मोफत गोळ्यांच्या पुडींत नसतो.

जमलेल्या धान्याच्या पैशांतून मुख्यतः गांवांतील आरोग्यसेवकाचें मानधन आणि किरकोळ औषधें यांसारखा खर्च भागे. आणि एक अदृश्य लाभ असा कीं, ज्याची ज्वारी राशींत पडली आहे तो माणूस बोलूं लागतो. फिरतें पथक ठरल्या दिवशीं कां आलें नाहीं, हें तो विचारतो. ज्याला भिक्षा मिळाली तो असें विचारीत नाहीं. तो हात जोडतो.

मात्र भाबडेपणा नको. ज्वारीवर रुग्णालय चालत नाहीं. शस्त्रक्रिया, रक्त, क्ष-किरण, तज्ज्ञ डॉक्टर यांचा खर्च पायलीनें कधीं मोजला जावयाचा नाहीं. त्याच्यामागें सरकारी अनुदान आणि सोसायटीचा तो चौथा हिस्सा उभा होता, म्हणूनच गांवाच्या पायलीला अर्थ आला. शिवाय पीकही पालटलें. विदर्भांत ज्वारीचें क्षेत्र आटत गेलें आणि कपाशीच्या जोडीला सोयाबीन आलें. सोयाबीनची रास थेट बाजारांत जाते, कणगींत राहत नाहीं. तेव्हां वर्गणी कशाची घ्यावी, हा प्रश्न दर पिढीला नव्यानें सोडवावा लागणार. पण खळ्यावर देणाऱ्याचा हिस्सा आणि शहरांतून येणारा हिस्सा हे दोन वेगळे आहेत, आणि एकानें दुसऱ्याची जागा घेऊं नये, एवढें वर्ध्याच्या अनुभवावरून मला निश्चित वाटतें.

मग शहराचा हिस्सा कशांत पडावा? येथें वर्ध्याचेंच आणखी एक उदाहरण देतों. महारोगी म्हटला म्हणजे त्याला गांवाबाहेर नेऊन आश्रमांत ठेवावयाचें, हीच दयाळू माणसांचीही कल्पना असे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें कुष्ठसेवेचें काम आरंभिलें, तें त्या काळीं मोठेंच धैर्य होतें. पुढें गांधी स्मारक निधीच्या पैशांतून १९५१ मध्यें वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालें. त्यानें पैसा नव्या वसाहतींत गुंतविला नाहीं. डॉ. वारदेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं माणसें तयार केलीं. त्या माणसांनीं घरोघर जाऊन रोगी शोधावे, लोकांची समजूत घालावी, आणि रोग्याला त्याच्या घरींच ठेवून डॅप्सोनच्या गोळ्या द्याव्या. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार, असा हा क्रम. पुढें राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमांतही हीच पद्धति आली.

परिचारिकांच्या शिक्षणाचा इतिहासही वर्गणीनेंच सुरू होतो. क्रिमियाच्या युद्धांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं जी शुश्रूषा केली तिच्या कृतज्ञतेपोटीं १८५५ मध्यें इंग्लंडांत निधि उघडला गेला. शिपायांनीं एकेका दिवसाचा पगार दिला. सुमारें ४५ हजार पौंड जमले, आणि त्यांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. आपल्याकडे १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन स्थापन झालें, आणि रमाबाई रानडे यांनीं भल्या घरच्या मुलींना, विधवांना ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकावयास धाडलें. त्यासाठीं पैशाइतकेंच लोकांचें मन मिळवावें लागलें, कारण परक्या पुरुषाचें अंग पुसणें हें काम कुलीन स्त्रीचें नव्हे, असें तेव्हां बहुतेकांना वाटे.

आज तशी शंका फारशी कोणी घेत नाहीं. आजची अडचण साध्या गणिताची आहे. आर्वी किंवा हिंगणघाट तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी बारावी होते. परिचारिकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. शुल्क, वसतिगृह, खानावळ, गणवेष, पुस्तकें, दिवाळीला घरीं जाण्याचें भाडें. पहिल्या वर्षाची भरती बाप कशीबशी करतो. दुसऱ्या वर्षीं पाऊस दगा देतो आणि मुलगी घरीं येते. अर्धवट शिकलेली परिचारिका कोणाच्याच उपयोगाची नाहीं. म्हणून शिष्यवृत्ति द्यावयाची तर ती एका वर्षाची देऊं नये, एवढी माझी आग्रहाची सूचना आहे. दहा मुलींना एकेक वर्ष देण्यापेक्षां तिघींना तीन वर्षें द्या. यादींत नांवें कमी दिसतील. वार्षिक सभेंत कोणी टीकाही करील.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानें घरांतील वडील बाईंच्या वर्षश्राद्धाला मोठें जेवण घालण्याचें रद्द केलें आणि तो पैसा अशाच एका मुलीच्या तीन वर्षांसाठीं बाजूस ठेवला. अट एवढीच घातली कीं, मुलीनें वर्षांतून दोनदां पत्र लिहावें. पहिलीं दोन पत्रें फार औपचारिक होतीं, वसतिगृहाच्या अधीक्षिकेनें सांगून लिहविल्यासारखीं. तिसरें मात्र तिनें पहिल्या रात्रपाळीनंतर लिहिलें होतें. पहाटे चारला एका म्हातारीची नाडी लागेना, डॉक्टरांना हांक मारून येईतों पाय कसे कांपत होते, म्हातारीनें शुद्धीवर आल्यावर प्रथम चहा कसा मागितला, हें सगळें तिनें दोन्ही पाठपोट भरून लिहिलें होतें, आणि शेवटीं, बूट फाटले आहेत, नवे घेतले तर चालतील काय, असें विचारलें होतें. बुटांचे पैसे त्याच दिवशीं गेले. चौथें पत्र दिवाळीनंतर यावयाचें आहे.