मुलांच्या खाण्याचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पाणी, देखभाल, सिंकिंग फंड, सगळ्याचे हिशेब आपल्या दफ्तरी आहेत. मी आज वेगळ्या हिशेबाबद्दल बोलणार आहे. आपली दहा ते चौदा वर्षांची मुलं काय खातात, आणि तेच का खातात?

घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "भाकरी नको म्हणतो, पाकिटातलंच पाहिजे." दोष पोराच्या नावावर पडतो. बँकेत मात्र आधी नोंदी बघतात, मग बोलतात.

केंद्र सरकारने २०१६-१८ मध्ये युनिसेफच्या मदतीने देशभर पोषण सर्वेक्षण केलं. १० ते १९ वयोगटात सुमारे २४ टक्के मुलं-मुली फार बारीक, ५ टक्के जास्त वजनाची निघाली. रक्तक्षय मुलांमध्ये १८ टक्के, तर मुलींमध्ये ४० टक्के. पाळीमुळे मुलींना लोह जास्त लागतं हे खरं. पण तिच्या ताटात शेवटी काय उरतं, हेही बघायला नको का?

युरोपात दर चार वर्षांनी ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना शाळेत प्रश्नावली देतात. नाश्ता किती दिवस केला, फळं किती वेळा खाल्ली, यासोबत घरच्यांबरोबर जेवता का, हेही विचारतात. म्हणजे मुलाबरोबर घराचंही मोजमाप होतं.

आपणही करू. घरटी एक वही, फक्त सात दिवस. रकाने पाच: काय खाल्लं, कुठे, कोणासोबत, पैसे कोणी दिले, समोर टीव्ही-मोबाइल चालू होता का. एका दिवसावर भागणार नाही, कारण रविवारचं आणि क्लासच्या दिवसाचं खाणं वेगळं असतं. मुलांनी स्वतःच लिहावं. वही बघून कोणी रागवायचं नाही, वजनावरून तर मुळीच बोलायचं नाही. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून खोट्या नोंदी सुरू होतील.

आठवड्याने बेरीज करा. पाकिटाचे दहा रुपये कोणाच्या खिशातून गेले आणि भूक लागली तेव्हा घरात भाकरी-शेंगाचटणी हाताशी होती का, ते कळेल.

शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. आपल्या उंबऱ्याच्या आतला नियम आपल्यालाच करावा लागेल.